पहाटेची खेप

मायाना, १२ फेब्रुवारी

ताई,

तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही माझ्या नावाने आलेलं नाही. दवाखान्यातल्या किनाइ नर्सला तू पत्र लिहिलंस. तिने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "उत्तर तू दे बाबा. आई तुमची, मी कशाला मधे?" म्हणून हे लिहितोय. फोन कर म्हणू नकोस. फोनवर तू गप्प बसलीस की मीही गप्प बसतो.

आईचे डोळे गेले असं तुला कुणीतरी कळवलंय. अगदी गेलेले नाहीत. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय. किनाइने बोटं मोजायला सांगितली तर येत नाहीत, पण हात हलवला तर कळतो. उजेड कळतो. चटई ती आधीपासून बोटांनीच विणायची, तशीच विणते. भात निवडते. मासा खाताना काटा माझ्याआधी तिला सापडतो. तेव्हा घाई कशाला?

तू विचारलंस, कुठे करायचं आणि किती लागतील. सगळं विचारून ठेवलंय, मी काही हातावर हात धरून बसलेलो नाही. पलीकडच्या बेटावर, राजधानीत तारावाला, डोळ्यांचे परदेशी डॉक्टर वर्षातून एकदा येतात, फुकट करतात. गेल्या वर्षी यादी एवढी लांब होती की ती संपायच्या आधी त्यांचं विमान निघालं. तुझ्याकडे ब्रिस्बेनला खासगीत करायचं तर एका डोळ्याचे साडेतीन-चार हजार डॉलर, वर व्हिसा, आणि व्हिसासाठी आईचा जन्माचा दाखला, जो कधी निघालाच नाही. किनाइ म्हणते इंडियात फार स्वस्त, तिथे रोज हजारोंनी डोळे करतात. पण तिथपर्यंत चार विमानं बदलायची, आणि आईने होडीपेक्षा मोठ्या कशात पाय ठेवलेला नाही. राहिलं फिजी. सुवाला एक दवाखाना आहे, तुमच्याकडच्या निम्म्याहून कमी घेतात. पण भिंग आत नीट बसलं नाही तर परत जायचं कुणी, आणि कशावर?

मला विचारशील तर तारावाच्या यादीत नाव घालूया आणि वाट बघूया. म्हातारं माणूस आहे, आहे ते बरं चाललंय.

ती रोज पहाटे बाबांच्या माडाखाली चटई टाकून बसते. उठवलं तर उठत नाही. बाकी ठीक.

बेइया


मायाना, ९ मार्च

ताई,

"तुझ्या प्रत्येक पर्यायाला तूच आधी खोडा घालतोस," असं लिहिलंस. वर, "आई आंधळी राहिली तर तुझी काय सोय होते, ते सांग," असंही. तू पूर्वीसारखीच आहेस. पत्रातूनही थोबाडीत मारता येते तुला.

सोय कसली? दिवसातून तीनदा माडावर चढायचं, पोयीचं, त्या मिटलेल्या फुलोऱ्याचं, टोक तासायचं, बाटली बदलायची. सकाळची माडी आईला प्यायला, दुपारची उकळून काकवीला. संध्याकाळची आंबवत नाही. आंबलेली मी प्यायचं सोडलं, तीन वर्षं झाली. तुला कुणी सांगितलं नसेल. चांगल्या बातम्या होडीत चढत नाहीत.

सुवाची तारीख घेतलीस, तिकीट पाठवते म्हणतेस. मी नाही म्हणत नाही. फक्त एवढंच की पावसाळी वारे सुरू आहेत. मे महिन्यात बघ.

एक सांगतो, हसू नकोस. शेजारचा तामुएरा माझा माड तासतोय असं मला वाटतं. म्हणजे चोरतोय म्हणावं तर बाटली भरलेली असते. बाबांच्या माडावर मी पहाटे चढतो, आणि पोयीवर आधीच ताजा काप असतो. ओला. थेंब पडत असतात. दुसऱ्याच्या माडावर कुणी चढत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि चढून काम करून जाणारा चोर तर मी ऐकलेला नाही.

तामुएराला विचारलं. तो म्हणाला, "माझ्या गुडघ्यांना विचार. ते हो म्हणाले तर मीही हो म्हणतो."

काल पहाटे मी अंमळ उशिरा उठलो. बाहेर आलो तर आई माडाखाली बसलेली, तोंड वर, डोळे पांढरे. मला जवळ येताना ऐकून म्हणाली, "आज छान गायलास रे. हल्ली तू अगदी त्यांच्यासारखा गातोस."

वर चढलेल्याने गायचं, म्हणजे खालच्या आडावर अंघोळ करणाऱ्या बायका सावध होतात. ज्याचं त्याचं गाणं. बाबांचं गाणं त्यांच्याबरोबर गेलं, मी ते कधी म्हटलेलं नाही, मला त्याचं दुसरं कडवं येतही नाही. आणि काल मी तोवर वर गेलोच नव्हतो.

आईला म्हटलं, "आई, मी आत्ता उठतोय."

ती हसली. "चेष्टा करतोस होय? मला दिसलं ना वर जाताना. काळं काळं."

बेइया


मायाना, २ एप्रिल

ताई,

हे पत्र वाचून झालं की जाळ. किंवा ठेव, तुझी मर्जी.

मी तामुएराला गळ घातली. म्हटलं, तुझी नजर घारीची, माझ्याबरोबर पहाटे बस, कोण येतो बघू. तो आला. वर थट्टा चालूच. "सापडला तर मला द्या, माझेही चार माड आहेत तासायचे." आम्ही दोघं झोपडीच्या ओसरीत बसलो. आई नेहमीच्या जागी बसली होती. फटफटायला लागलं होतं, माडाचा शेंडा स्वच्छ दिसत होता. कुणी आलं नाही. खोडाजवळ कुणी फिरकलं नाही.

आणि वरून गाणं सुरू झालं.

तामुएरा उभा राहिला. तो बाबांबरोबर चाळीस वर्षं समोरासमोरच्या माडांवरून गायलेला माणूस. एक गातो, दुसरा उत्तर देतो, तुला आठवत असेल. त्याचं तोंड उघडलं, उत्तर द्यायला. मग मिटलं. मला म्हणाला, "शेंड्यावर कुणी नाही, बेइया. एक झावळी खाली दबलीय. कुणी बसल्यासारखी." आणि चालू पडला. चपला इथेच राहिल्या. मी नेऊन दिल्या तर त्याच्या बायकोने दारातूनच घेतल्या.

मी वर गेलो. जावं लागलं, आई खाली बसली होती. वर कुणी नव्हतं. काप ताजा होता. ताई, त्या कापावर एक बारीक उभी रेघ होती.

तू माडावर कधी चढली नाहीस, म्हणून सांगतो. चांगल्या सुरीचा काप गुळगुळीत येतो, नखासारखा. पात्याला खाच असेल तर खाचेपुरती रेघ उठते. माझ्या सुरीला खाच होती. बैलाच्या मांसाचा डबा मी तिने उघडायला गेलो होतो, आंबलेली पिऊन. बाबा वर्षभर चिडवायचे, "कापावरून कळतं, साहेब जेवलेत." ती रेघ मी कुठेही ओळखीन.

ती सुरी माझ्याकडे नाही. ती बाबांच्या थडग्यात आहे.

आता सांगतो. माणूस वर असताना गेला, की त्याच्या हातातली सुरी त्याच्याबरोबर जाते. मी ती चटईच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्या कुशीत ठेवली, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. आतली कुणी पाहिली नाही. ती त्यांची नव्हती, माझी होती. त्यांची सुरी माझ्या कमरेला आहे, तीन वर्षं.

तू मला सभाघरात सगळ्यांसमोर विचारलंस, "पहाटेची खेप कुणाची होती?" मी म्हटलं, "बाबांची." तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि दुसऱ्या दिवशी विमानाने गेलीस.

खेप माझी होती. मी पडून होतो, उठवूनही उठलो नाही. बाबांना वाटलं, पोय आटेल. माझी सुरी माडाच्या बुंध्याला टांगलेली होती, ती घेऊन ते वर गेले. रात्री सर येऊन गेली होती, खोड ओलं होतं, पाय घसरला. त्यांची स्वतःची सुरी घरात, आढ्याला होती. ती घरात आहे हे कुणाला कळलं असतं तर बाकीचं सांगावं लागलं नसतं.

बाबांच्या सुरीच्या मुठीला आईने स्वतःच्या केसांची दोरी वळून गुंडाळली आहे. आईने एकदा पाहिली की पुरे. तिच्या हाताला मी ती लागू देत नाही. डोळ्यांचं काय करणार होतो? म्हणून तारावाची यादी, म्हणून पावसाळी वारे, म्हणून भिंग नीट बसलं नाही तर. तुझा खोडा शब्द बरोबर होता.

दुसरी सुरी दुकानात मिळते. घेतली नाही. बाबांची सुरी हातात धरली की त्यांनी हात धरल्यासारखं वाटतं, आणि लाजही वाटते. दोन्ही एकदम.

आईला सुवाला ने. मी तिला तारावापर्यंत आणून विमानात बसवतो. पुढे तू भेट. आता मी काही अडवत नाही.

मला भीती वाटते, ताई. आईची नाही. रोज पहाटे वर जाताना वाटतं, अजून कुणी उतरलेलं नाही.

बेइया


मायाना, २१ जून

ताई,

तुझं पत्र आईच्या पिशवीतून आलं. "मला माहीत होतं. तू सांगशील याची वाट बघत होते," एवढंच. बाकी पानभर औषधाचे थेंब कधी घालायचे ते. मी ते पान भिंतीला लावलंय आणि थेंब वेळेवर घालतोय.

दुसऱ्या डोळ्याचं आईच सांगेल, तिला आता कुणाच्या सल्ल्याची गरज उरलेली नाही. एका डोळ्यानेच तिने घर डोक्यावर घेतलंय. विमानातून उतरली ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, तुझे केस पिकले!" मग घरात आली. "हे छप्पर कुणी शिवलं? आंधळ्याने?" मग किनाइला, "तू एवढी जाड कधी झालीस गं?" किनाइ म्हणते, ऑपरेशन फार चांगलं झालं, थोडं कमी चांगलं झालं असतं तरी चाललं असतं.

सुरी मी लपवली नाही. लपवायची ठरवली असती तर वेळ होता. तुला लिहून झाल्यावर परत तेच करवेना. कमरेला होती तशीच ठेवली. दुपारी ती माझ्यासमोर बसली आणि हात पुढे केला. मी दिली.

तिने दोरीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. "ही घरातच होती?"

"हो."

"मग त्यांच्या हातात?"

"माझी."

"म्हणजे खेप तुझी होती."

"हो, आई."

मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती रडली. थेंब घातलेल्या डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही असं तू लिहिलंयस, म्हणून मी फडकं पुढे केलं, तर तिने ते माझ्या हातातून हिसकावून घेतलं आणि फेकून दिलं. त्या दिवशी जेवली नाही. सुरी मात्र परत माझ्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्याआधी माडाखाली. या वेळी बसलेली नव्हती, उभी होती, डोळ्यांवर आडवा हात धरून. पहाटे सर पडून गेली होती, सगळं ठिबकत होतं. वरून गाणं येत होतं. मी जवळ गेलो तरी ती खाली बघेना. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं आणि थांबलं.

मी विचारलं, "दिसतंय?"

"दिसतंय." अगदी साध्या आवाजात. मग म्हणाली, "एवढे दिवस नुसतं काळं दिसायचं. मी समजत होते तू आहेस. किती वाळलेत रे ते."

 मी म्हटलं, "रागावलेत?"

"रागावायला वेळ कुठाय त्यांना? काम करतायत." तिने डोळा बारीक केला. "तुझी सुरी आहे हातात. तुझी खेप करतायत, बेइया. तू उठला नव्हतास ना त्या दिवशी. त्यानंतर उठलास हे त्यांना कुणी सांगितलंच नाही."

मी तिथेच उभा. ती ओरडली, "मग काय माझं तोंड बघतोस? चढ!"

चढलो. खोड ओलं होतं, खाचेत पाय घसरत होता. शेंड्यावर पोचलो तर कुणी नाही. पोयीवर अर्धा काप, रेघ असलेला, उरलेला अर्धा तासायचा राहिलेला. माझ्या उजव्या बाजूची झावळी दबलेली. वारा नव्हता. मी नेहमीच्या जागी बसायला गेलो तर खालून आईचा आवाज आला.

"अरे, जरा सरक! त्यांच्या मांडीवर बसतोस का?"

मी सरकलो.  बाबांची सुरी काढली आणि उरलेला काप पुरा केला. तो गुळगुळीत आला. बाटली बदलली. मग काय करायचं ते कळेना, म्हणून माझं गाणं म्हटलं, जे मी तीन वर्षं म्हटलं नव्हतं. गावाला ठाऊक आहे, माझा आवाज फाटका आहे. एक कडवं झालं आणि मी म्हटलं, "बाबा, मी उठलोय. खेप माझी होती. तुम्ही उतरा आता."

काही झालं नाही. बाटलीत एक थेंब पडला, मग दुसरा. मी त्यांची सुरी त्या झावळीच्या देठाशी, त्यांच्या बाजूला ठेवली. मूठ बाहेर, पातं आत, ते ठेवायचे तशी.

मग झावळी सावकाश वर आली. सगळी वर आली, तिच्यावरचं पाणी माझ्या अंगावर सांडलं. मी तिकडे बघायला मान वळवली, तेव्हा सुरी तिथे नव्हती. तिच्या जागी माझी होती, खाचेची, मुठीच्या भेगांत थडग्यातली पांढरी वाळू भरलेली.

खाली पाहिलं. आई बुंध्यापासून दोन पावलं मागे झाली होती, जागा करून दिल्यासारखी. तिची मान वर होती. मग मान हळूहळू खाली यायला लागली, खोडावरून उतरणाऱ्या माणसावर नजर ठेवावी तशी, एकेका खाचेवर थांबत. अर्ध्यावर मान थांबली आणि आईने हात पुढे केला.

"सावकाश उतरा," ती म्हणाली. "खोड ओलं आहे."

मी अजून वरच होतो, ताई.

बेइया